बिनसावडीचं प्रार्थनाघर

“मग त्यांना प्रार्थनाघर नकोच आहे का, बाबा? एकदा सरळ सांगून टाका.”

सिमोनबाबा उंबराच्या सावलीत नागली पाखडत बसले होते. जव्हारच्या पुढे, डोंगरापल्याडच्या त्या पाड्यावर ते तीस वर्षं प्रचारक होते. रविवारची उपासना याच उंबराखाली व्हायची, आणि पावसाळ्यात चार महिने व्हायचीच नाही.

“कोणाला नको आहे?”

“सगळ्या पाड्याला! चौदा जण पुण्याहून आलो, सुट्ट्या टाकून. आठ दिवसांत चार भिंती उभ्या केल्या, वर वासे चढवले, रिपा ठोकल्या. राहिली कौलं. ती शाकारायचं काम आम्हाला येत नाही, यांना येतं. सकाळपासून हाका मारतोय, एक माणूस पुढे येत नाही. उद्या सकाळी आमची जीप निघणार...”

बोलणारा आशेर रणपिसे. इंजिनियर, आणि या मिशन दौऱ्याचा प्रमुख. एरवी त्याचा आवाज व्यासपीठावर असल्यासारखा खणखणीत असे. आज तो रडकुंडीला आला होता. भिंती कच्च्या विटांच्या होत्या. छप्पर झालं नाही, तर पहिल्याच पावसात त्यांची पुन्हा माती होणार होती.

“लखमाला विचारलंस?”

“काय विचारायचं? त्यांच्यासाठीच तर बांधतोय.”

“विचार ना.”

लखमा म्हणजे पाड्याचा कारभारी. तो समोरच्याच ओट्यावर दोर वळत बसला होता. आशेर तरातरा त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला.

“लखमादादा, कौलं चढवायला का येत नाही तुम्ही?”

लखमा मनापासून गोंधळला.

“सरकारी कामाला आमी कसा हात लावावा, साहेब?”

“सरकारी? अहो, आम्ही मंडळी! पुण्याची ख्रिस्ती मंडळी!”

लखमानं दोर बाजूला ठेवला. रस्ता चुकलेल्या माणसाला वाट दाखवावी तसं तो शांतपणे सांगू लागला.

“हे बघा. सावडीला आले म्हणावं, तर तुमाला कोणी बोलावलं नाय. सावडीचा माणूस कामाच्या घरी जेवतो. तुमी तर शेगडी घेऊन आले, पाणीपण बाटलीतलं. मजूर म्हणावं, तर मजुरी घेत नाय. पाहुणे म्हणावं, तर पाहुणा काय चिखल तुडवतो? मग राहिलं कोण? न बोलावता येतं, आमच्या घरचं पाणी पीत नाय, भिंत बांधतं नि जीपमधी बसून जातं...”

“सरकार!” आतून लखमाच्या बायकोनं, चैतीनं, उत्तर देऊन टाकलं.

आज तू माझ्या शेतात राबलास, की उद्या मी तुझ्या. या रीतीला तिकडे सावड म्हणतात. पाड्यावरचं एकही घर तिच्याशिवाय उभं राहिलेलं नाही. आशेरला हा शब्द नवा होता, पण हुशार माणूस, त्यानं तो लगेच उचलला.

“मग सावडच समजा की!”

लखमाचा चेहरा खुलला. “समजतो. मग आमी कधी यायचं?”

“कुठे?”

“तुज्याकडं. कामाला.”

आशेरनं हात जोडले. “छे, छे! आम्हाला काही नको. आम्ही सेवा करायला आलोय. परतफेड घ्यायला नाही.”

लखमानं पुन्हा दोर हातात घेतला.

“मग सरकारच,” तो म्हणाला.

आशेर परत उंबराखाली आला तो धुसफुसतच.

“तुम्हाला हे ठाऊक होतं, बाबा?”

“होतं.”

“मग आठ दिवस बोलला का नाहीत?”

“पहिल्या दिवशी तू मला तासभर नकाशा समजावून सांगितलास. फार सुरेख होता. मी ऐकत होतो.”

आशेर ओशाळला. पण हार मानणारा गडी नव्हता तो.

“बाबा, मी द्यायला आलोय. घ्यायचं कसं?”

बाबांनी सुपातलं भूस फुंकून टाकलं.

“विहिरीवर प्रभूला ती परकी बाई भेटली. तिला जिवंत पाणी द्यायचं त्याच्या मनात होतं. आधी काय केलं त्यानं?”

संडे स्कूलमध्ये आशेरचा पहिला नंबर कधी चुकला नव्हता. “आधी... तिच्याकडे प्यायला पाणी मागितलं.”

“का रे? त्याला काय कमी होतं?”

आशेरनं बराच विचार केला. इतका सोपा प्रश्न त्याला आजवर कोणी विचारला नव्हता.

“तहान... लागली असेल.”

“हां,” बाबा म्हणाले. “तुला लागलीय का कसली, बघ जरा.”

आणि ते पुन्हा पाखडू लागले.

आशेर उभाच राहिला. पुण्याचा फ्लॅट त्यानं मनातल्या मनात धुंडाळला. नळाला पाणी होतं, लिफ्ट चालू होती, भिंतींना गेल्याच वर्षी रंग दिला होता. काही म्हणता काही कमी नव्हतं. त्याला स्वतःचाच राग आला.

मग तो हळूहळू चालत लखमाच्या ओट्याशी गेला. या वेळी समोर उभा न राहता खाली बसला.

“लखमादादा... डिसेंबरात माझं लग्न आहे.”

“बरं.”

“वडील नाहीत. भाऊ नाही. मित्र सगळे कामाचे... म्हणजे कामापुरते.” तो अडखळला. कौलं चढावीत म्हणून आपण काहीतरी जुळवून बोलतोय, असं त्याला वाटत होतं. पण बोलता बोलता लक्षात आलं की यात एक अक्षरही खोटं नाही. “मांडव घालायला माणसं नाहीत माझ्याकडे. तुम्ही याल?”

लखमा काही बोलायच्या आत चैती बाहेर आली.

“मांडव कुठं घालायचा? अंगण आहे?”

“अंगण नाही. चार मजले आहेत. वर गच्ची आहे.”

“अगं बाई! माळ्यावर मांडव!” चैती इतकी हसली की तिला खांब धरावा लागला. “बांबू आमी आणू. वर घालायला जांभळीचे हिरवे टाळेपण आमीच आणू. लग्नाचं नवरीला तरी ठावं का?”

आशेरलाही हसू फुटलं. लखमा उठला, हात झटकले आणि डोंगराकडे तोंड करून त्यानं एक लांब हाळी दिली.

अर्ध्या तासात पाड्यावरचं यच्चयावत माणूस बांधकामावर हजर होतं. खालपासून वाशांपर्यंत माणसांची रांग लागली आणि कौलं हातोहात वर जाऊ लागली. पुण्याच्या चौदांना त्या रांगेत कुठेकुठे खोचून दिलं होतं. आठ दिवस साहेब असलेल्या आशेरला लखमा वरून ओरडला, “आशेर! उभा काय राहतो? कौल धर!”

दुपारी नागलीच्या भाकरी आणि उडदाची आमटी आली. आशेर चार भाकरी जेवला आणि पाचवी मागून घेतली. पुण्याच्या शेगडीकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही.

ऊन उतरलं तेव्हा शेवटचं कौल बसलं. लाल धुळीनं माखलेला आशेर बाबांच्या शेजारी येऊन टेकला. सुखानं नुसता फुलला होता. पण थोड्या वेळानं त्याचा चेहरा पडला.

“बाबा, एक भीती वाटतेय...”

“हं.”

“ही माणसं खरंच येतील.”

“येतीलच. लखमा बोलला म्हणजे येणार.”

“दोन खोल्या माझ्या! एवढ्यांना झोपवू कुठे? पोटभर जेवायला कसं घालू? चैतीबाईंना लिफ्टची भीती वाटली तर? आणि लग्नात त्यांना कोणी हसलं, तर मला नाही सहन व्हायचं, बाबा...”

बाबांनी सूप खाली ठेवलं, हात धोतराला पुसले आणि आत्ताच जीपमधून उतरलेल्या पाहुण्यापुढे करावा तसा उजवा हात त्याच्यापुढे केला.

“सलाम, आशेर,” ते म्हणाले. “कधी आलास?”