पानावरून उठवलेले खादाड

एक होता राजा, आणि त्याचं राज्य होतं एका मुलीच्या पोटरीत. हसू नकोस गं चिन्मयी, खो-खोत पडून पाय सुजवून घेतलायस, आता निमूट पडून ऐक. आणि शार्दूल, तिच्या पायावर पाय टाकू नकोस.

तर राज्यात वरती गुडघेवाडी, खाली टाचगाव, आणि मध्ये दोरांचा झुलता पूल. राजा राहायचा गुडघेवाडीत. राणी गेली होती बाळंतपणाला माहेरी, टाचगावाला. तिला मुलगी झाली. राजा अंगडं-टोपडं घेऊन बारशाला निघाला, आणि तेवढ्यात जिच्या पोटरीत हे राज्य होतं, ती मुलगी धावता धावता धपकन पडली! पूल तुटला. बिचाऱ्यानं लेकीचं तोंडसुद्धा पाहिलं नव्हतं. रडलाच तो.

मग त्यानं दवंडी पिटली. आधी रक्ताच्या वाटेनं धावत आले पांढरे शिपाई. त्यांनी तुटके दोर ओढून बाजूला केले, आणि दमून चिलखतं तिथेच टाकून दिली. मग आले खादाड. ते पानं मांडून बसले, आणि पुलाचा चुरा, कुजके धागे, शिपायांची चिलखतं, सगळं मटामटा खाऊ लागले! चुली पेटल्या, गर्दी झाली, सगळं गाव तापलं आणि टम्म फुगलं. तिसऱ्या दिवशी राजाचं डोकं फिरलं.

"अरे, हे तर माझं राज्यच खाऊन टाकतील! उठा आधी पानावरून!"

सांगा बरं, जेवत्या माणसाला कुणी पानावरून उठवतं का? पण यानं उठवलं. खादाड उष्ट्या हातानं निघून गेले.

गाव गार झालं, सूज उतरली. राजा खूश! म्हणाला, "आता विणा पूल." पण विणकर तर दोरांच्या कडेला गोधडी घेऊन गाढ झोपलेले. राजानं ढोल बडवला. मग पाणी शिंपडलं. मग गुदगुल्यासुद्धा केल्या. छे! कुणी कूस बदलेना. बारशाचा बारावा दिवस आला नि गेला, आणि अर्धा चुरा होता तिथेच पडून होता.

शेवटी एका म्हाताऱ्या विणकरणीनं एक डोळा उघडला. "महाराज, खादाडांचं पोट भरून ढेकर आल्याशिवाय आमची झोप मोडत नाही. आला का त्यांना ढेकर?" आणि लागली पुन्हा घोरायला.

राजा ओशाळला. अनवाणी गेला खादाडांच्या तळावर आणि हात जोडले. "चुकलो मी. जेवताना उठवलं तुम्हाला. परत चला, मी स्वतः वाढतो."

थोरला खादाड फुरंगटून म्हणाला, "आम्हाला आग्रह लागतो हं."

मग राजानं कमरेला उपरणं बांधलं आणि पंगतीत वाकून वाकून वाढलं. "आणखी एक घास घ्या. माझ्यासाठी घ्या. नाही म्हणायचं नाही!" शेवटचा धागा संपला, आणि ढेकर आला. असा आला, की विणकर ताडकन उठून बसले!

आणि गंमत ऐका. पोट भरल्यावर त्या खादाडांचा स्वभावच बदलला बरं का. त्यांनी आपल्या लाल बंड्या उलट्या करून घातल्या, तर आतून हिरव्या! मग तेच बसले विणकरांना भाकरी द्यायला, धागे धरायला. एकेक धागा जुन्या दोराला जोडत पूल पुरा झाला. मग ते हात धुऊन, राजाचा निरोप घेऊन आपल्या वाटेनं गेले.

राजा पळतच पूल ओलांडून गेला. टाचगावात पाळणा रिकामाच टांगलेला, आणि बाळ राणीच्या मांडीवर. तिनं बारसं केलंच नव्हतं. म्हणाली, "बाप आल्याशिवाय कसलं नाव? पण किती हो उशीर केलात!"

राजानं लेकीला उचललं. ती त्याच्याकडे बघून हसली, आणि त्याला हुंदका आवरेना. "घाई केली गं," तो म्हणाला, "म्हणून उशीर झाला."

मग बारसं झालं, घुगऱ्या वाटल्या, आणि सगळी त्या पोटरीत सुखानं राहू लागली. काय गं चिन्मयी, पाय अजून गरमच आहे ना? असू दे. पंगत बसलीय आत. आठ दिवस उड्या मारायच्या नाहीत, त्यांना पोटभर जेवू द्यायचं. शार्दूल तर केव्हाच झोपला. चल, तूही मिट डोळे.