ओल्या ओंडक्याचा धूर

तुमच्या पणजोबांच्या पणजोबांनीही ज्यांना पाहिलं नाही, अशा माणसांची ही गोष्ट. तेव्हा डोंगरांच्या कुशीत एक गाव होतं. गावात लहानसं प्रार्थनामंदिर होतं. घंटा वाजली की सगळं गाव गुडघे टेकायचं आणि एका सुरात म्हणायचं, "स्वर्गातल्या बापा, आजची भाकर आज दे."

त्या गावात हन्नाबाई नावाची विधवा राहायची. पोटी मूल नव्हतं, पण तीन पोरक्या लेकरांना तिनं पदराखाली घेतलं होतं. सकाळी उठली की ती चूल पेटवायची, पाण्याचं आधण ठेवायची आणि मगच हात जोडायची.

शेजारची एस्तेरबाई तिला हसायची. "अगं, आधी प्रार्थना, मग चूल! रीत आहे काही?"

हन्नाबाई म्हणायची, "मागायचं त्याच्यापाशी, आणि चूल मात्र थंड ठेवायची? पाहुणा येणार कळलं की आपण आधीच आधण ठेवतो ना? तसंच हे."

एका वर्षी टोळधाड आली. आभाळ काळं झालं आणि संध्याकाळपर्यंत शेतात हिरवं पान उरलं नाही. तरी घराघरांत कणगीच्या तळाशी थोडंफार धान्य होतंच.

आता माणसाचं मन कसं चालतं बघा! ज्याच्या त्याच्या मनात आलं, माझ्या घरावर धूर दिसला की शेजारी वाडगा घेऊन दारात उभा राहायचा. झालं! एकानं चूल विझवली, त्याचं बघून दुसऱ्यानं. दारं लावून लोक पीठ पाण्यात कालवायचे, भिजवलेले दाणे चघळायचे आणि तोंड पुसून, कालपासून उपाशी असल्यासारखा चेहरा करून बाहेर पडायचे. मंदिरात मात्र आजची भाकर आज मागायचे, तीही पूर्वीपेक्षा मोठ्या आवाजात.

धूर निघायचा तो एका हन्नाबाईच्या घरावर. मग खरे भुकेले तिच्याकडेच येणार ना? आला त्याला तिनं वाढलं. त्यामुळे गावात सगळ्यात आधी रिकामी झाली ती तिचीच कणगी.

ते कळल्यावर पाटील आले. माणूस दुष्ट नव्हता, पण भ्यालेला होता. म्हणाले, "हन्नाबाई, डोंगरापलीकडचा खाणवाला पोरं मागतोय. दगड फोडायला ठेवील, पण पोटाला घालील. त्याचा माणूस आलाय. तिघांना तीन खाणींवर नेणार आहे."

"पाटील, ही लेकरं एकमेकांचा हात धरून झोपतात हो!" हन्नाबाईनं तिघांना जवळ ओढलं.

"मग खायला काय घालणार? सांगा ना! सूर्य माथ्यावर येईपर्यंत या पोरांच्या पुढ्यात अन्न दिसलं तर ठेवून घ्या. नाहीतर मला दोष देऊ नका."

पाटील गेले. हन्नाबाईनं डोळे पुसले आणि चुलीपाशी बसली. हंड्यात पाणी ओतलं. वैरायला मूठभर कण्यासुद्धा नव्हत्या. वर सरपणही संपलेलं! शेवटची काटकी पेटली आणि विझायला आली.

धाकटी रिबका म्हणाली, "मावशी, नदीच्या डोहात एक ओंडका पडलाय. आणू?"

तिघांनी मिळून तो ओढत आणला. इतके दिवस पाण्यात भिजलेला, शेवाळलेला ओंडका तो! हन्नाबाईनं त्याच्या ढलप्या काढून चुलीतल्या उरल्यासुरल्या निखाऱ्यांवर सारल्या. जाळ कसला नि काय, नुसता धूर! घर धुरानं भरलं, लेकरं खोकायला लागली, आणि छपरातून काळा लोट आभाळाकडे निघाला.

एस्तेरबाई नाकाला पदर लावून आली. "हन्ना, विझव बाई ती चूल! घरात दाणा नाही आणि धूर काढतेस गावभर! आधणात वैरणार काय, दगड?"

हन्नाबाई फुंकणीनं फुंकत म्हणाली, "विस्तव पेटवणं माझ्या हातात आहे, ते मी करतेय. वैरायचं काय, ते त्यानं बघावं."

तोंडानं बोलली खरं, पण एस्तेरबाईची पाठ वळताच तिला रडू कोसळलं. धुराचं पाणी कोणतं आणि दुःखाचं कोणतं, तिचं तिलाही कळेना. ती म्हणाली, "प्रभू, धान्य दिलं नाहीस, मी ब्र काढला नाही. पण निदान सरपण तरी सुकं द्यायचं होतंस रे! या धुरानं माझी लेकरं गुदमरायला लागली." रागावली ती देवावर, अगदी मनापासून रागावली. पण फुंकणी काही तिनं खाली ठेवली नाही.

हळूहळू पाण्याला आधण आलं. इकडे सूर्य माथ्यावर आला. खाणवाल्याचा माणूस दारात येऊन उभा राहिला, मागे पाटील. रिबकानं हन्नाबाईचा पदर घट्ट धरला.

तेवढ्यात घुंगरं वाजली.

एक नाही, दोन नाही, बैलांची रांगच्या रांग डोंगरावरून उतरत होती. प्रत्येकाच्या पाठीवर धान्याच्या गोण्या. पुढे तांड्याचा नायक, धुळीनं माखलेला, तो सरळ हन्नाबाईच्या दाराशी आला. "हा धूर कोणाच्या घरचा?"

पाटील घाबरून म्हणाले, "माफ करा महाराज, बाई जरा हट्टी आहे..."

"माफी कसली मागता?" नायक गरजला. "राजानं धान्य पाठवलंय. जिथं माणसं असतील तिथं उतरवा, ओसाड गावात वेळ घालवू नका, असा हुकूम आहे. वरून पाहिलं तर तुमच्या एकाही घरावर धूर नाही! आम्हाला वाटलं, सगळे मेले किंवा गाव सोडून गेले. बैल पुढच्या वाटेला लावलेसुद्धा होते. मग हा काळा लोट दिसला. सुक्या लाकडाचा असता तर एवढ्या लांबून दिसला नसता!"

हन्नाबाईनं चुलीतल्या त्या शेवाळलेल्या ढलपीकडे पाहिलं आणि हसता हसता कपाळावर हात मारून घेतला. "अरे देवा, आणि मी तुझ्याशीच भांडत होते!"

नायकानं गोणी फोडली. "चला, आधी लेकरांना जेवू घाला. पण शिजायला आता वेळ लागेल."

"छे! आधण केव्हाचं आलंय," असं म्हणत हन्नाबाईनं पसाभर तांदूळ उकळत्या पाण्यात वैरले. मग आणखी पसाभर, आणि आणखी. खाणवाल्याचा माणूस कधी निघून गेला, कोणाच्या लक्षातही आलं नाही. लेकरं भाताच्या वासानंच नाचायला लागली. कोणीतरी धावत जाऊन मंदिराची घंटा वाजवली, ती थांबेचना.

घरोघर धान्य पोचलं. पण शिजवणार कशावर? चुली थंड पडून किती दिवस झाले, गावात दुसऱ्या कुठल्याही घरी निखारा उरला नव्हता. शेजारी मागायला येईल म्हणून ज्यांनी विस्तव विझवला, तेच आता हातात खापर घेऊन हन्नाबाईच्या दारात रांगेनं उभे राहिले. रांगेत पाटीलही होते.

सगळ्यात पुढे एस्तेरबाई होती, मान खाली घालून. "हन्ना, थोडा विस्तव देतेस?"

"थोडा कशाला? हा मोठा निखारा घे," हन्नाबाई म्हणाली. "आणि दार उघडं ठेव बाई, धूर बाहेर जाऊ दे!"

त्या संध्याकाळी गावातल्या एकूण एक छपरावर धूर दिसला. तेव्हापासून त्या गावात दार लावून कोणी जेवत नाही.

बोध: देवाकडे भाकर मागणाऱ्यानं आधण आधी ठेवावं, वैरायचं काय, ते देणारा बघतो.