तात्यांचा गुणी काटा

डोंगराच्या पायथ्याला वसलेल्या एका गावात नरहरतात्या नावाचे एसटीचे निवृत्त कंडक्टर राहत. आवाज असा खणखणीत, की यांना वायरलेस हवाच कशाला, अशी लोक चेष्टा करत. पण तात्यांना वायरलेसचाच नाद. रीतसर परवाना काढून त्यांनी घरात सेट मांडला होता, छपरावर अँटेना उभारली होती, आणि दोन्हींमधली जाड काळी केबल स्वतःच्या हातांनी जोडली होती. त्या केबलला कोणी बोट लावलेलं त्यांना खपत नसे.

तात्यांचा सगळा जीव सेटशेजारच्या मीटरवर. अँटेनाकडे पाठवलेल्या शक्तीपैकी किती माघारी येते, ते हा मीटर दाखवी. माघारी जितकं कमी येईल, तितकं जोडकाम चांगलं. पूर्वी काटा जरासा तरी हलायचा. गेल्या पावसाळ्यापासून मात्र तो शून्याला चिकटून बसला होता. तात्या येणाऱ्याजाणाऱ्याला हाताला धरून आत नेत.

"बघा, कणभरसुद्धा परत येत नाही. याला म्हणतात काम!"

एवढंच, की हल्ली सेटवर सगळेच फार हळू बोलत. "काय हो, जेवला नाहीत का?" असं तात्या पलीकडच्याला दरडावत.

त्या गावात दर हिवाळ्यात मुलांची डोंगर चढायची शर्यत होई. डोंगरावर मोबाइल लागत नसे. एखादं मूल पडलं, तर खाली डॉक्टरांना कळवायला वायरलेसच. माथ्यावर शाळेतल्या रेवतीताई आपला सेट घेऊन बसत आणि खाली तात्या. दोघांचं बोलणं होत नसेल तर शर्यत नाही, असा पंचांचा नियम होता.

शर्यतीच्या आदल्या सकाळी चाचणी झाली. थोड्या वेळानं रेवतीताईंची स्कूटर थेट तात्यांच्या अंगणात येऊन थांबली.

"तात्या, तुमची नुसती कुजबुज ऐकू येते. असं असेल तर शर्यत रद्द करावी लागेल."

तात्या खवळले. "माझी कुजबुज? अहो, माझ्या हाकेनं अख्खा स्टँड वळून बघायचा! तुमचाच सेट बिघडलाय. हा काटा बघा."

रेवतीताईंनी काटा पाहिला, मग छपराकडे पाहिलं. "एक करा. वर जाऊन केबल अँटेनापासून सोडवा आणि कमी पॉवरवर मीटर बघा. अँटेनाच नसेल तर सगळं माघारी यायला हवं. काटा उजवीकडे पळाला, तर मी तुमची माफी मागेन."

"पेढ्यांसकट!" असं म्हणत तात्या शिडी चढले, केबल सोडवून खाली आले आणि ऐटीत बटण दाबलं.

काटा शून्यावर. तात्यांनी मीटरला टिचकी मारली, पुन्हा बटण दाबलं. काटा ढिम्म. वर अँटेना जोडलेलीच नव्हती आणि मीटर सगळं उत्तम असल्याचं सांगत होता!

मीटर बिघडला म्हणून वेळ मारून नेता आली असती. पण तेवढ्यात शर्यतीतली मुलं सराव करत दारावरून धावत गेली. "येतो तात्या उद्या!" असं ओरडलीसुद्धा. तात्यांना मनापासून लाज वाटली. त्यांनी पक्कड घेतली आणि आपली लाडकी केबल कापली.

आतून पाणी ठिबकलं. तांब्याची जाळी हिरवीगार झाली होती. छपरावरच्या जोडाला टेप गुंडाळायचं तात्या विसरले होते.

"म्हणजे वर काही जातच नव्हतं," तात्या म्हणाले, "आणि खाली येणारंही वाटेतच गडप होत होतं. सगळं ही भवानी गिळत होती!" आणि ते पोट धरून हसू लागले.

दुपारी नवी केबल लागली, जोडाला टेपही बसली. काटा लगेच उजवीकडे सरकला. अँटेनाची लांबी जरा जास्त होती, ते आता कळलं. तात्यांनी ती थोडी थोडी कापून काटा खाली आणला. अगदी शून्यावर काही तो आला नाही.

"असू दे," तात्या म्हणाले. "खरं बोलतोय, तेवढं पुरे."

दुसऱ्या दिवशी शर्यत सुटली. थोड्या वेळानं सेट गर्जला, "पहिली मुलगी माथ्यावर पोचली!" तात्यांनी कानांवर हात ठेवले.

"रेवतीताई, ओरडताय कशाला?"

"तात्या, मी वर्षभर इतक्याच आवाजात बोलतेय."

 तात्यांनी लगेच सगळ्या मुलांसाठी पेढे आणायला माणूस धाडला.

तात्पर्य: तक्रार माघारी आली नाही, म्हणजे काम नीट झालं असं समजू नये, आणि सगळ्या जगाचा आवाज बारीक वाटू लागला, की आधी आपलंच जोडकाम तपासावं.