रंगाआधीचा तळहात

"…मग या तिन्हींतली कोणती ठेवू, उस्ताद?"

मिरजेच्या दस्तगीर उस्तादांची हयात मोटारी रंगवण्यात गेली होती. त्यांच्या शेडमधल्या बाकावर हेरंब लिमयेने तीन स्प्रे गन मांडल्या होत्या. साड्या आणाव्यात तशा दुकानातून पसंतीला आणलेल्या.

"हिचा रंगाचा पेला वर, हिचा खाली. आणि या तिसरीला हवा कमी लागते."

"घरचा कंप्रेसर केवढा?"

"लहान आहे. पण सगळं गणित केलंय मी. नळीचं, दाबाचं, अंतराचं."

"मग गणितालाच विचारायचं, इंजिनियरसाहेब! माझा चहा कशाला गार केलात?"

हेरंब हसला, पण बोल त्याच्या जिव्हारी लागला. तीन आठवडे दवाखान्याच्या बाकावर बसून त्याने हाच एक अभ्यास केला होता. डॉक्टरांच्या हाती काही उरले नव्हते. निदान हे तरी आपल्या हाती असावे, एवढीच त्यामागची धडपड.

"थट्टा नको, उस्ताद. रविवारच्या आत रंगवून व्हायला हवं. घरच्या अंगणात, माझ्या हातानं. बाबा घरी यायचेत. त्यांची गाडी ही."

दाराशी जुनी फियाट उभी होती.

"बघून खूश होतील," उस्ताद म्हणाले.

हेरंबने एक गन उचलून पुन्हा बाकावर ठेवली.

"बघणार नाहीत… परवाचं ऑपरेशनही फसलं. दोन्ही डोळे गेले."

उस्तादांनी चहाचा कप खाली ठेवला. खांद्यावरचे फडके झटकले, हेरंबच्या डोळ्यांवर बांधले आणि त्याला हाताला धरून गाडीपाशी नेले.

"रंगाआधी आम्ही पत्रा असाच तपासतो. डोळा फसतो, तळहात नाही. फिरवा हात. हळू."

हेरंबचा तळहात दारावरून सरकला. काल घासून गुळगुळीत केलेल्या पत्र्यावर त्याला लाटा लागल्या. तो ओशाळला.

"इथं उंच आहे… इथंही."

"पुढं चला."

चाकावरच्या मडगार्डवर हात थबकला. पत्र्यात वाटीएवढा खळगा होता.

"हा कसला?"

हेरंबने खळग्याच्या कडेवरून बोट फिरवले.

"गाडी आणली, त्या दिवशीचा… पूजेचा नारळ चाकावर फोडायचा होता. बाबांचा नेम चुकला. आई जन्मभर हसत होती त्यांना."

फडके ओले झाले. उस्तादांनी ते सोडायची घाई केली नाही.

जरा वेळाने हेरंबनेच ते काढले, नाक पुसले आणि पुन्हा इंजिनियर झाला.

"दार परत घासतो. हा खळगा लांबीचा लेप भरून सपाट करतो, मग अस्तराचा रंग. आणि गन?"

"कमी हवेवाली ठेवा. बाकीच्या परत करा."

"आणि लांबी कुठली वापरू?"

उस्ताद आपला गार चहा उचलायला वळले होते. ते थांबले.

"दाराला कुठलीही लावा… पण खळगा भरलात, तर त्यांनी बघायचं काय?"