मधली पट्टी

एकदा एक शिष्य, कानशिलावरचे केस पांढरे झाल्यावर, पुन्हा आपल्या गुरूच्या कारखान्यात येऊन बसला. गुरू म्हणजे कुणी जटाधारी नव्हेत. पत्र्याच्या पेट्या, धान्याच्या कोठ्या आणि पन्हाळी घडवण्यात ज्यांचे आयुष्य गेले, असे ते एक वृद्ध कारागीर होते. सारा बाजार त्यांना अण्णा म्हणे. त्यांच्याजवळ धंदा शिकून शिष्याने थोरल्या भावाबरोबर स्वतःचा कारखाना घातला होता. आज तो खरे म्हणजे रडायला आला होता. पण पुरुषमाणसाला रडायलाही निमित्त लागते, म्हणून ड्रिलला लावायची पत्रा कापण्याची कातर त्याने दुरुस्तीच्या नावाखाली बरोबर आणली होती.

"काय झालंय हिला?" अण्णांनी कातर फिरवून पाहिली.

"हिला काही झालं नाही, अण्णा," शिष्य म्हणाला.

मग हळूहळू सगळे बाहेर आले. गेल्या वर्षी दोघे भाऊ वेगळे झाले होते. वाटणी अशी झाली की गावाने उदाहरण द्यावे. आवाज चढला नाही, पंच बसले नाहीत, जावांनी एकमेकींकडे डोळे वटारले नाहीत. घराच्या मधोमध भिंत घातली. जुने दार नेमके मध्यावर येत होते, म्हणून ते बुजवले आणि दोघांनी आपापल्या अंगाला नवे दार काढले. 'कुणाला ओरखडासुद्धा नाही,' असे दोघेही अभिमानाने सांगत. शहाण्या माणसांची हीच गंमत असते. त्यांच्या हातून होणारे वाईटसुद्धा फार नीटनेटके असते.

त्यांची धाकटी बहीण यमुना. आईवडील नव्हते, आणि नवरा हात उचलणारा. एके दिवशी दुपारी, दोघा भावांनीच लग्नात घडवून दिलेली पेटी घेऊन ती घरासमोर येऊन उभी राहिली. समोर, जुन्या दाराच्या जागी, भिंत होती. डावीकडे एक दार, उजवीकडे एक.

"मी खिडकीतून पाहिलं तिला," शिष्य म्हणाला. "मनात आलं, दादा थोरला आहे, मान त्याचा. आधी त्याच्याकडे जाऊ दे. दादानंही पाहिलं होतं. त्याला वाटलं, हिचा जीव धाकट्यावर, ती तिकडेच जाणार. दोघांनीही हाक मारली नाही, अण्णा. थोडा वेळ उभी राहिली आणि पेटी उचलून परत गेली."

दुसऱ्या दिवशी तो धावत तिच्या गावी गेला. तिचा हात कोपरापर्यंत भाजलेला होता. फडके गुंडाळून ती भाकरी थापत होती. कसे झाले, हे तिने सांगितले नाही. एवढेच म्हणाली, "कुठं येऊ, भाऊ? माझं माहेर त्या दारात होतं. आता तुमची दोन घरं आहेत." त्यानंतर ती त्याच्यासमोर यायचीच थांबली.

"दादा भिंत पाडायला तयार आहे, मीही आहे," शिष्य म्हणाला. "दोन्हीकडचं सगळं होतं तसंच आहे. मग पुन्हा जुळत का नाही?"

अण्णांनी कातर बाजूला ठेवली. त्यांनी एक कोरा पत्रा ओढला आणि त्यावर तांबड्या रंगाने एक घर काढले. दोन बाजूंना भिंती, वर छप्पर, आणि मधोमध करंगळीच्या निम्म्याएवढे अरुंद दार. रंग वाळू दिला, आणि मग म्हणाले, "काप. दारावरून."

शिष्य गोंधळला, पण गुरूचा शब्द. त्याने कातर ड्रिलला बसवली आणि ड्रिलचा घोडा दाबला. पाते पत्र्यातून सरळ गेले, मधली बारीक पट्टी वेटोळे घेत बाहेर पडली आणि जमिनीवर पडली. पत्र्याचे दोन भाग झाले. दोन्हींच्या कडा आरशासारख्या सपाट.

"आता जुळव."

त्याने दोन्ही भाग शेजारी ठेवले. भिंतीला भिंत चिकटली, छप्पर जवळजवळ जुळले. पण घराला दार नव्हते. शिष्याने खाली वाकून वेटोळे उचलले आणि दोन्ही हातांनी सरळ करू लागला. तांबड्या रंगाचे पोपडे त्याच्या बोटांवर आले. पट्टी पुन्हा वळून बसली.

अण्णा म्हणाले, "हातकात्रीनं कापलं असतंस, तर दोन्ही कडा वाकड्या झाल्या असत्या. तुम्ही भांडला असतात, रडला असतात, एकमेकांचं तोंड पाहिलं नसतंत. पण ठोकून ठोकून ते परत जुळलं असतं, कारण हातकात्री मधलं काही खात नाही. ही कातर दोन्ही बाजू सरळ ठेवते, ती मधली पट्टी घेऊन. पत्रा कापताना ही पट्टी तू मापात धरतोस, तुला ते मी शिकवलं. घराची वाटणी करताना कुणाच्याच वाट्याला काय येत नाही, ते तू मोजलं नाहीस."

"मग आता काय करू?"

"नवी पट्टी रिव्हेट मारून बसवता येईल. त्यासाठी दोन्ही पत्र्यांना भोकं पाडावी लागतील. पण ती पट्टी नवी असेल, बाळा. ही नसेल." शिष्याला काही दिलासा द्यावा असे अण्णांना फार वाटले. पण खोटे त्यांना कधी जमले नाही.

शिष्य दोन्ही तुकडे घेऊन घरी आला आणि आपल्या दाराने न जाता थोरल्याच्या दाराने आत गेला. त्याने ते तुकडे भावासमोर जोडून ठेवले.

थोरल्याने पाहिले. "घर चांगलं काढलंय," तो म्हणाला. "दार कुठाय?"

धाकट्याने मूठ उघडली आणि ते वेटोळे त्याच्या पुढ्यात ठेवले.

थोरल्याने ते हातात घेतले, पण सरळ करून पाहिले नाही. पत्र्याचे काम त्यालाही येत होते.