सटवाजी कासाराचे तीन एक्के

डोंगराच्या पायथ्याला एक गाव होते आणि त्या गावात सटवाजी नावाचा एक कासार राहत असे. त्याच्याकडे एक तांबडी घोडी होती. तिच्या पाठीवर बांगड्यांच्या पेट्या लादून तो आसपासची बारा गावे फिरे आणि बायाबापड्यांच्या हातांत बांगड्या भरी. घोडी येण्याआधी सात वर्षे त्याने त्याच पेट्या डोक्यावरून वाहिल्या होत्या. म्हणून स्वतःच्या ताटातली अर्धी भाकरी तो घोडीला घाली आणि त्यापायी बायको राहीबाईची बोलणी खाई.

माणूस कष्टाळू होता, जिभेचा गोड होता. खोड एकच. पत्ते हातात आले की हा कासार स्वतःला सरदार समजे. तसा तो वर्षातून एकदाच खेळे, दिवाळीच्या पाडव्याला. पण शहाणपण गमवायला माणसाला एक दुपार पुरते.

पाडव्याला जुगार खेळायची चाल पुष्कळ ठिकाणी असते. या गावाने मात्र तिला स्वतःचे नियम लावले होते. खेळ देवळासमोर बसे, म्हणून तिथे पैसा काढायचा नाही. ज्याने त्याने आपल्या धंद्यातली वस्तू मांडायची. एकाने काही मांडले की दुसऱ्याने त्याच तोलाचे मांडायचे, नाहीतर पाने पालथी टाकून बाजूला व्हायचे. टाकलेली पाने कुणी उलटून बघायची नाहीत.

खेळही गावचाच. प्रत्येकाला दोन पाने झाकून मिळत. मग मधल्या घोंगडीवर सगळ्यांसाठी मिळून पाच पाने उघडली जात, आधी तीन, मग एक, मग आणखी एक. हातातली दोन आणि घोंगडीवरची पाच, यांतून ज्याची पाच पाने भारी त्याचा डाव. तीन सारखी पाने जमली तर मोठी गोष्ट. पण पाचही बदाम किंवा पाचही इस्पिक अशी एका जातीची पाने कुणाला जमली, तर ती तीन सारख्यांना खात.

आणखी एक समजूत होती. पाडव्याला चांगली पाने आली म्हणजे लक्ष्मी दारी आली. ती पाने टाकली तर लक्ष्मीला दारातून परत लावल्यासारखे होते आणि ती वर्षभर रुसते. या समजुतीपायी किती घरांतली मडकी, सुपे आणि घोंगड्या गेल्या होत्या, ते त्या लक्ष्मीलाच ठाऊक!

त्या वर्षी घोंगडीभोवती तिघे बसले. एक सटवाजी. दुसरा हैबती गुऱ्हाळवाला, ज्याचा गूळ गोड आणि आवाज ढोलासारखा. तिसरा मुकिंदा धनगर. मुकिंदा बोलण्यात कंजूस आणि खेळण्यात त्याहून कंजूस. दहातले नऊ डाव तो मुकाट्याने पाने टाकून देई. लोक त्याला हसत. पण जो एखादा डाव तो लावी, तो जिंकूनच उठे, आणि संध्याकाळी कुणाचा तरी गूळ त्याच्या घरी जाई. पाने वाटायला देवळाचा म्हातारा भागोजी गुरव बसला होता. वादात त्याचा शब्द अखेरचा.

दुपार कलायला लागली आणि सटवाजीने आपली दोन पाने उचलली. किलवरचा एक्का आणि इस्पिकचा एक्का! त्याने ती इतक्या घाईने छातीशी धरली की मागे उभ्या असलेल्या माणसांना न बघताच सगळे कळले.

भागोजीने घोंगडीवर तीन पाने उघडली. बदामचा एक्का, बदामची नव्वी, किलवरची चौकी. सटवाजीचे तीन एक्के झाले. त्याने लगेच हिरव्या बांगड्यांची एक पेटी पुढे सरकवली. हैबतीने तिच्या तोलाच्या ढेपा मांडल्या. मुकिंदाने एक घोंगडी ठेवली.

चौथे पान आले. बदामची सत्ती. सटवाजीने तिच्याकडे नीट पाहिलेसुद्धा नाही. त्याला आपल्याच एक्क्यांचे कौतुक संपेना. त्याने दुसरी पेटी सरकवली. दिवाळीच्या बाजारातला तो त्याचा शेवटचा माल होता. बाकीच्या दोघांनीही तोलाचे मांडले.

मग पाचवे पान उघडले. बदामची राणी.

आता घोंगडीवर चार बदाम रांगेने पडले होते. कुणाच्याही हातात एक बदाम असला, तरी त्याची पाच पुरी होणार होती.

मुकिंदाने घसा साफ केला. त्या दिवसातले त्याचे हे पहिलेच बोलणे होते.

"माझी ईस मेंढरं," तो म्हणाला.

वीस मेंढ्या म्हणजे मुकिंदाच्या कळपाचा निम्मा भाग. बोलायची पाळी सटवाजीची होती. त्याने मागे पाहिले. पेट्या संपल्या होत्या. झेंडूची माळ घातलेली घोडी तेवढी पिंपळाखाली उभी होती.

"घोडी चालंल का?" त्याने भागोजीला विचारले.

भागोजीने क्षणभर विचार केला. "घोडी माल वाहती, म्हंजे धंद्याचीच. चालंल. पर सटवाजी, एकदा मांडलीस की परत न्हाई."

सटवाजी उठायला निघाला. मांडून टाकायची, एवढेच त्याच्या डोक्यात होते. तीन एक्के! याहून मोठे तीन जगात नाहीत. शिवाय दोन पेट्या आधीच घोंगडीवर गेलेल्या. त्या तशाच सोडून उठायचे?

तेवढ्यात त्याच्या मनात त्याचाच धंदा बोलू लागला. कासार बांगडी भरायला बसतो तेव्हा बांगडीकडे बघत नाही, हाताकडे बघतो. बांगडी लाखात एक असेल, पण समोरचा हात रुंद असेल तर ती चढत नाही. नक्षीच्या लोभाने ती दामटली की फुटते आणि बाईच्या मनगटातून रक्त काढते. हे सटवाजी आपल्या हाताखालच्या नवख्यांना ओरडून सांगे. आणि इथे तो स्वतः मघापासून आपली नक्षी बघत बसला होता. समोरचा हात त्याने पाहिलाच नव्हता.

तो पुन्हा खाली बसला आणि त्याने घोंगडीकडे पाहिले. एक, दोन, तीन, चार बदाम. स्वतःच्या हातात एकही नाही. मग त्याने मुकिंदाकडे पाहिले. हा माणूस पाऊस येईल म्हणायलासुद्धा घाबरतो, न आला तर काय म्हणून. तो उगाच अर्धा कळप मांडेल? तीन पानांवर जे एक्के डोंगराएवढे होते, ते पाचव्या पानाला टेकडीएवढेही राहिले नव्हते. पाने तीच होती, समोरची घोंगडी बदलली होती.

आणि पेट्या? पेट्या गेल्याच होत्या. त्यांच्या मागे घोडी पाठवून त्या परत येतील याचा काही भरवसा नव्हता.

तरी हात उठेना. तीन एक्के टाकायचे म्हणजे सोपे नाही हो! त्यात हैबतीला राहवले नाही.

"आरं कासारा, तीन एक्के दिसत्यात तुझ्या तोंडावर!" तो ओरडला. "पाडव्याची लक्ष्मी दारात उभी, आन् तू आतनं कडी लावतूस व्हय?"

सगळे हसले. सटवाजीचे कान तापले. बोटे पानांवर घट्ट झाली. त्याला वाटले, आता टाकली तर वर्षभर बारा गावांत हेच ऐकावे लागेल. मग त्याला दिसले की बारा गावांत हे ऐकत फिरायलासुद्धा घोडी लागेल.

त्याने दोन्ही एक्के पालथे टाकले.

"मी न्हाई," तो म्हणाला.

लोक चुकचुकले. कुणीतरी म्हणाले, "बांगड्यावाल्यानं बांगड्या भरल्या!" सटवाजीने ऐकून न ऐकल्यासारखे केले. त्या घटकेला त्याच्यासारखा दुःखी माणूस पंचक्रोशीत नव्हता.

पाळी हैबतीची आली. त्याच्याकडे तीन राण्या जमल्या होत्या, दोन हातात आणि एक घोंगडीवर. कासार पळाला, आता या धनगराला काय भ्यायचे, असे त्याला वाटले. शिवाय लक्ष्मीचे बोल त्यानेच मोठ्याने बोलून ठेवले होते, आता मागे फिरणार तरी कसा?

"माझ्या गुऱ्हाळाची काहील!" त्याने जाहीर केले.

काहील म्हणजे उसाचा रस आटवायची भलीमोठी कढई. पंधरा दिवसांनी गुऱ्हाळ सुरू व्हायचे होते. भागोजीने एकदा हैबतीच्या तोंडाकडे पाहिले, पण नियम तो नियम. त्याने मान हलवली.

हैबतीने राण्या आपटल्या. मुकिंदाने आपली दोन पाने हळूच उलटली, जणू ती दुखावतील. एक होती किलवरची दश्शी. दुसरा होता बदामचा राजा.

पाच बदाम.

हैबतीचा आवाज कुठे गेला ते कुणाला कळले नाही. सटवाजीचा जीव मात्र असा भांड्यात पडला की त्याचा आवाज शेजारच्या गावात जावा. तो बसल्या जागी हसायला लागला आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. मघाशी चुकचुकणारे आता त्याच्याकडे निराळ्याच नजरेने बघत होते. त्याला त्याचे काही नव्हते. तो उठला, पिंपळाखाली गेला आणि घोडीच्या मानेत तोंड खुपसून उभा राहिला. घोडीने त्याच्या मुंडाशाचे टोक चघळले. एरवी तो ओरडला असता. आज त्याने चघळू दिले.

पुढे काय झाले ते गाव बरेच दिवस सांगत होते. ऊस तोडायला आला तरी हैबती दुसरी काहील शोधत फिरत होता, आणि मुकिंदाच्या मेंढ्या गुळाच्या काहिलीत पाणी पीत होत्या.

दिवेलागणीला सटवाजी घरी आला. राहीबाईने पाट मांडून ठेवला होता. पाडव्याचे ओवाळणे व्हायचे होते. तिने निरांजन हातात घेतले आणि रिकामी घोडी पाहून विचारले, "पेट्या कुठं हायेत?"

"हरलो. दोन्ही."

"दोन्ही? आन् वर हसताय?"

मग सटवाजीने सगळे सांगितले. चार बदाम, वीस मेंढ्या, घोडीची गोष्ट. घोडीचे नाव निघाले तेव्हा राहीबाईने निरांजन खाली ठेवले. तीही सात वर्षे त्या पेट्यांमागून चाललेली होती. मग ती आपल्या नेहमीच्या फटकळपणाने बोलली.

"बरं केलंत. पर मला एक सांगा. मुकिंदाभावजींकडं नसता बदाम, तर? तीन एक्के टाकून आलाच असता की न्हाई घरी? मग काय केलं असतं?"

सटवाजी पाटावर बसला. त्याने मुंडासे नीट केले, कपाळ पुढे केले आणि म्हणाला, "मग हळहळलो असतो. वर्षभर हळहळलो असतो. पर घोडीवर बसून हळहळलो असतो गं. पेट्या डोक्यावर घेऊन हळहळण्यापरीस ते बरं."

राहीबाई हसली आणि तिने त्याला ओवाळले.

तात्पर्य: आपली बाजू भारी आहे की नाही हे नुसते आपल्या हातात पाहून ठरत नाही, समोर काय मांडले आहे तेही पाहावे लागते. आणि समोरचे बदलले, तर काल जिवापाड धरलेले आज सोडून देण्यात कमीपणा नाही. ज्यावर पोट चालते ते वाचवून उठणारा माणूस हरूनही सुखाने घरी जातो.