कूस नसलेली कामटी

मंजुळीला ना आई, ना बाबा. होते ते दामूदादा आणि केशरवहिनी. त्यांच्या लग्नाला अजून वर्षही झालं नव्हतं. टेकडीखाली इवलीशी झोपडी आणि तिच्यामागे कळकाचं, म्हणजे बांबूचं, हिरवंगार बेट. दादा कळक चिरून लांब लांब कामट्या काढायचा आणि वहिनी त्यांच्या टोपल्या, सुपं विणायची. कधी लालचुटूक नक्षी, कधी हळदीपिवळी, कधी मोरपंखी. बाजारात बायका विचारायच्या, "केशरच्या हातचं आहे का?" दामूच्या कामट्यांचं नाव कुणी काढत नसे.

आता बायकोचं कौतुक झालं तर नवऱ्याने खूश व्हावं की नाही? दामू मात्र आतल्या आत जळायचा. शेवटी त्याने कामट्या तासायचंच सोडलं. कडेची सुईसारखी कूस तशीच ठेवून तो त्या केशरपुढे टाकू लागला. तिची बोटं चिरली, सुजली. ती काही बोलली की तो म्हणायचा, "कळकाला कूस असतेच." मंजुळीने त्याला न तासताच सुरी खाली ठेवताना पाहिलं होतं, पण बोलायची तिला भीती वाटायची.

एका सकाळी वहिनीला पाण्याचा तांब्याही उचलवेना. मंजुळी बेटात जाऊन रडत बसली.

तेवढ्यात पानापानांवर सोनेरी चमचम झाली. पोपटी झग्यातली, बोटभर उंचीची परी कळकाच्या फांदीवर उतरली. तिच्या पंखांतून गुलाबी, निळे, जांभळे कण भुरभुरत होते.

"एक इच्छा माग, बाळ," ती म्हणाली. "स्वतःसाठी मागायचं नाही. आणि दुखणं मला नाहीसं करता येत नाही. एकाचं काढून दुसऱ्याला देता येतं, एवढंच."

"वहिनीचं दुखणं दादाला देशील?"

"देईन."

मंजुळीला क्षणभर फार बरं वाटलं. मग वाटलं, हात दुखले तर दादा वहिनीचा आणखीच राग करील.

"नको. मला दे."

परीचे पंख फिके पडले. "ज्याने जखमा केल्या, त्याने वहिनीसमोर आपण होऊन कबूल केलं तरच त्या मिटतील. तू त्याला सांगायचं नाहीस."

दुपारी जेवायला बसल्यावर केशरची बोटं अगदी बरी दिसली. दामूच्या कपाळाला आठी पडली. पण शेजारी मंजुळीला भाकरीचा तुकडा मोडता येत नव्हता.

"हे कुठे लागलं गं?" त्याने विचारलं.

"कळकाला कूस असतेच ना, दादा."

दामूचा घास हातातच राहिला. त्या चिमुकल्या बोटांवरच्या चिरा त्याने ओळखल्या. त्याने ताट बाजूला सरकवलं.

"केशर," तो म्हणाला, "मी मुद्दाम तासत नव्हतो. सगळे तुझंच नाव घ्यायचे. मला बघवत नव्हतं."

मंजुळीच्या बोटांवरच्या चिरा एकेक करून मिटल्या. दारात लख्ख सोनेरी उजेड पडला, परी मंजुळीकडे बघून हसली आणि त्या उजेडातच विरून गेली.

केशर हसली नाही. तिने सुरी उचलली.

"आजपासून तासायचं काम माझं. विणायचं तुम्ही."

दामू विणायला बसला. ती देईल ती कामटी त्याने भीत भीत हातात घेतली. एकीलाही कूस नव्हती. केशरने प्रत्येक कामटी दोनदा तासली होती. विणता विणता दामूला रडू आवरेना, आणि केशर त्याला पुढची कामटी देत राहिली.